हत्ती म्हणजे अरण्य नव्हे

शिवालिकच्या टेकड्यांत हत्ती, जिराफाचे आप्त, घोडे आणि वानर यांचे जीवाश्म सापडतात एवढे कानी पडले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे सूर्यकिरणही शिरू नये असे घनदाट अरण्य उभे राहते, आणि त्यात हे सारे प्राणी एकाच पाणवठ्यावर पाणी पिऊ लागतात. हा समज किती वेळा खोडावा?

एक तर ते समकालीन नव्हते. फॉल्कनर आणि कॉटली यांनी १८३६ साली ज्याचे वर्णन केले तो जिराफाचा आप्त शिवथेरियम वरच्या, म्हणजे नंतरच्या, थरांतला. शिवपिथेकस वानर सुमारे ८५ लाख वर्षांपूर्वीच तेथून नाहीसा झालेला. कोट्यवधी वर्षांचे दफ्तर एका दिवसाची नोंद म्हणून वाचण्याचा हा प्रकार आहे.

शिवाय अरण्य तरी टिकले कोठे? वृक्ष-झुडपे आणि उष्ण प्रदेशातील गवते यांची कर्ब ग्रहण करण्याची रीत भिन्न असल्यामुळे कार्बन-१३ या जड समस्थानिकाचे प्रमाण अशा गवतांत अधिक राहते, ते चरणाऱ्याच्या दातांच्या इनॅमलमध्ये उतरते, आणि इनॅमल इतके घट्ट असते की लक्षावधी वर्षांनंतरही त्याची जबानी फिरत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी क्वेड, सर्लिंग आणि बोमन यांचा १९८९ चा 'नेचर'मधील निबंध पाहावा: पाकिस्तानातील पोटवार पठारावरच्या शिवालिक थरांतील प्राचीन मातीच्या चुनखड्यांचे त्यांनी पृथक्करण केले, आणि सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी झाडोऱ्याची जागा गवताने घेतल्याचे त्यातून दिसले, पुढे दातांनीही तीच साक्ष दिली. मात्र 'घोडा आला म्हणजे माळरान आले' हा उलट बाजूचा उतावळेपणाही नको, कारण हिपारियन घोडा १ कोटी वर्षांपूर्वीच तेथे पोहोचला होता आणि त्याच्या आरंभीच्या दातांत या गवताची खूण नाही.

किरकोळ गैरसमजांचा खुलासा थोडक्यात. मोठे हाड म्हणजे डायनासोर नव्हे. डायनासोर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच संपले. हाड सापडले तेथेच प्राणी मेला असेही नाही, नद्या सांगाडे वाहून नेतात. पाणघोडा निव्वळ पाण्याचा दाखला नव्हे, तो रात्री गवत चरतो. आणि हत्तीच्या कवटीपुढे उंदरांचे दात ज्यांना क्षुल्लक वाटतात त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की दूरवर भटकणाऱ्या हत्तीपेक्षा थोडक्या जागेत जन्म काढणारा उंदीर त्या जागेची हकीकत अधिक नेमकी सांगतो.