पाणी तापले, हे यंत्राला कोण सांगते?

भांडी धुण्याचे यंत्र, ज्याला बाजारात डिशवॉशर म्हणतात, आपल्यापैकी काहींनी मुलीच्या किंवा भावाच्या घरी पाहिले असेल. २०२० च्या टाळेबंदीत घरकामाच्या बायांचे येणे थांबले, तेव्हा शहरांतल्या पुष्कळ घरांनी ते घेतले. यंत्र आले की मागोमाग त्याचे बिघाडही येतात. त्यांतल्या एका लहानशा, पण चांगल्या कारागिरालाही चकवणाऱ्या बिघाडाविषयी आज बोलू.

या यंत्राचे काम तसे साधे. ते थोडे पाणी घेते, हीटरने तापवते आणि फिरत्या नळ्यांतून भांड्यांवर जोराने फवारते. तेलाचा ओशटपणा गार पाण्याने निघत नाही, हे भांडी घासणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पण पाणी पुरेसे तापले की नाही, हे पाहायचे कोणी? आपण बंबातल्या पाण्यात बोट घालून पाहतो. यंत्राचे बोट म्हणजे थर्मिस्टर. हा धातूंच्या ऑक्साइडांचा, डाळीच्या दाण्याएवढा तुकडा असतो. तो जसजसा तापतो तसतसा त्याचा विजेला होणारा रोध कमी होतो. तांब्याच्या तारेचे नेमके याच्या उलट असते. असा उलटा गुण मायकेल फॅरडे यांना १८३३ साली सिल्व्हर सल्फाइड या पदार्थात आढळला होता. नेहमीच्या वापरातल्या एका जातीच्या दाण्याचा रोध २५ अंश सेल्सिअसला १०,००० ओहम असतो, तर ५० अंशांना तो सुमारे ३,६०० ओहमांवर उतरतो. त्या आकड्यावरून यंत्र पाण्याची उष्णता ओळखते.

आता गंमत पाहा. दाण्याची तार तुटली तर रोध अमर्याद होतो आणि यंत्राला वाटते, पाणी बर्फासारखे गार आहे. उलट दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर रोध शून्यावर येतो. मग यंत्र समजते की पाणी उकळते आहे, आणि हीटर लावतच नाही. हल्लीची बरीच यंत्रे असे वेडेवाकडे आकडे ओळखतात आणि बिघाडाचा क्रमांक दाखवून थांबतात. पण ध्यानात ठेवा, क्रमांक तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. दाणा शाबूत असूनही वाफेने गंजलेली जोडणी तोच क्रमांक दाखवू शकते. हीटर जळला असेल, तरीही भांडी गार आणि तेलकटच निघतात. विहिरीचे किंवा बोअरचे दुष्फेन पाणी असेल, तर दाण्याच्या टोपणावर क्षारांची पुटे चढतात आणि त्याला उष्णता उशिरा कळते.

म्हणून तपासणी क्रमाने करावी. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर ते उघडूच नये, कंपनीच्या माणसाला बोलवावे. एरवी प्रथम भिंतीतला प्लग काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. पाणी निवू द्यावे. दाणा बहुधा तळाशी, पाणी साठते त्या खोलगट भागापाशी असतो. जोडणी सोडवून ती सैल, ओली किंवा हिरवट झाली आहे का, ते पाहावे. मग मल्टिमीटरने रोध मोजावा, आधी गार असताना आणि नंतर दाणा कोमट पाण्याजवळ धरून. आकडा एकसारखा खाली येत गेला आणि माहितीपुस्तिकेतल्या आकड्यांशी जुळला, तर दाणा निर्दोष आहे. मग हीटर व तारा तपासाव्यात. आकडा हललाच नाही किंवा उड्या मारू लागला, तर दाणा बदलावा. महागडा सर्किट बोर्ड बदलण्याची पाळी सर्वांत शेवटी.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये. ‘तात्पुरते चालेल’ म्हणून दाण्याच्या जागी साधा ठरावीक रोधक जोडून देणारे कारागीर भेटतात. अशा यंत्राला पाणी तापल्याचे कधीच कळत नाही. रोधकाचा आकडा गार पाण्याचा असेल, तर हीटर तापवतच राहतो. मग घर आणि आग यांच्यामध्ये उरतो तो एकटा सुरक्षा-कटआउट. पाणी आणि वीज जिथे शेजारी नांदतात, तिथे असली काटकसर जिवावर बेतते. अर्थिंग नीट नसलेल्या घरात तर हे यंत्र लावूच नये.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. हा दाणा थोडक्या पैशांत मिळतो. तो पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बर्फाच्या, साध्या आणि कोमट पाण्यात आळीपाळीने बुडवा. जवळ थर्मामीटर ठेवा आणि मुलांकडून मल्टिमीटरचे आकडे लिहून घ्या. घरच्या विजेचा येथे संबंध नाही, मीटरमधली बॅटरी पुरते. आलेख काढला की सरळ रेषा न येता उतरती वक्ररेषा येईल. यंत्र बिघडले म्हणजे आधी मोजावे आणि मग बोलावे, ही सवय मुलांना यातूनच लागेल.