ताठ दांड्या, सैल धागे

भिलाई-दुर्गपासून गोंदिया, नागपूर, गडचिरोलीपर्यंतच्या पट्ट्यात ‘सिकलसेल’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मध्य भारतातल्या या विकाराची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्येच दाखवले होते. १९५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी तो नेमका पकडला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी एकच बदललेले असते. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते.

एवढ्याशा बदलाने एवढा घात कसा होतो? हजारो अणूंचा हिशेब मांडत बसलो, तर उत्तर त्या हिशेबातच हरवते. म्हणून सिद्धान्तकार प्रथिनाचे सोपे रूप घेतात.

बीटा साखळीत आठ मळसूत्री भाग आहेत आणि त्यांना जोडणारे छोटे दुवे. मळसूत्राला ताठ दांडी माना, दुव्याला सैल धागा; झाला ‘रॉड-कॉइल कोपॉलिमर’. ताठ रेणू दाटीत समांतर का लागतात, याचे गणित पॉल फ्लोरी यांनी १९५६ मध्ये मांडले. साखळीचा कोणता भाग मळसूत्र होईल आणि कोणता सैल राहील, हे झिम आणि ब्रॅग यांनी १९५९ मध्ये अवघ्या दोन राशींत बसवले. दांडी आणि धागा एकाच साखळीत असलेल्या रेणूंचा सिद्धान्त सेमेनोव्ह आणि वासिलेंको यांनी १९८६ मध्ये दिला.

इथे खरी ओढाताण दोन गोष्टींची असते. पाणी टाळणाऱ्या दांड्या शेजारी-शेजारी आल्या की ऊर्जेचा फायदा होतो. पण त्यासाठी धाग्यांना ठरावीक वळण घ्यावे लागते आणि त्यांचे स्वातंत्र्य, म्हणजे एन्ट्रॉपी, कमी होते. जर्मनीतल्या माइन्झ इथे नोवाक, रोस्तियाश्विली आणि विल्गिस यांनी २००७ मध्ये हा हिशेब सोडवला, तेव्हा साखळीच्या तीन अवस्था हाती आल्या: उलगडलेली, अस्ताव्यस्त गोळा झालेली आणि दांड्या एका दिशेने लागलेली सुबक गोळी. अमिनो आम्लांची नावेही न घेता प्रथिनाच्या घडीचा सांगाडा समोर आला.

मात्र हे प्रारूप सिकलसेलपाशी थांबते. ते सहावे अमिनो आम्ल पहिल्या दांडीच्या सुरुवातीला, रेणूच्या पृष्ठभागावर आहे. त्याने रेणूची घडी फारशी बदलत नाही. फक्त बाहेर एक चिकट ठिपका तयार होतो. ऑक्सिजन सोडलेले रेणू त्या ठिपक्याने एकमेकांना धरतात आणि चौदा पदरांचा ताठ तंतू बनतो. तोच तांबड्या पेशीला कोयत्यासारखी वाकवतो.

या प्रश्नासाठी सोपेपणाही वेगळा हवा. फेरोन, हॉफ्रिक्टर आणि ईटन यांनी १९८५ मध्ये आतल्या दांड्या-धागे बाजूला ठेवले, अख्खा रेणू एकच कण मानला आणि तंतूचे बीज धरायला किती वेळ लागतो, एवढेच विचारले. हा विलंब पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या संहतीच्या सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे संहती ५ टक्क्यांनी घटली, तर विलंब साधारण साडेचारपट होतो. तेवढ्या वेळात पेशी केशवाहिनीतून सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. हायड्रॉक्सियुरियाचा मोठा आधार हाच आहे: या औषधाने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढते, ते तंतूत सामील होत नाही आणि विलंब लांबतो.

काय गाळायचे, हे प्रश्नच ठरवतो. घडी समजून घ्यायची तर अमिनो आम्लांची नावे गाळावी लागतात. तंतू समजून घ्यायचा तर घडी.

असे प्रश्न सिकलसेलच्या या पट्ट्यातच हाताळायला आता जागाही आहे. आयआयटी भिलाई २०१६ मध्ये रायपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात सुरू झाली. दुर्ग जिल्ह्यातल्या कुटेलाभाठा इथला तिचा कायमचा परिसर २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. त्याआधी, १ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले होते. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. भारतीय रुग्णांमध्ये गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बरेचदा जास्त आढळते, तरी आजाराची तीव्रता माणसागणिक वेगळी असते. हा फरक विलंबाच्या गणितात मांडणे, हे इथल्या तरुण सिद्धान्तकारांना खुणावणारे काम आहे. त्यासाठी फळ्यावरचे समीकरण आणि दवाखान्यातली रक्ततपासणी एकाच टेबलावर यायला हवी, आणि या प्रदेशाइतकी त्याची गरज फार थोड्या ठिकाणी असेल.