म्हशीचे दूध, मांजराचे आतडे

धारवाडचा पेढा ज्या दुधावर नावारूपाला आला, त्या धारवाडी म्हशीला २०२१ साली स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. धारवाडच्या केलगेरीतल्या एखाद्या गोठ्यात धार काढायच्या वेळी जवळच मांजर ताटकळत असते. पोटाच्या रसायनशास्त्रात म्हैस एका टोकाला, तर मांजर दुसऱ्या. तरी दोघांना जोडणारा धागा मला फार मोहात पाडतो.

म्हशीने चघळलेला कडबा रुमेनमधले, म्हणजे पोटाच्या मोठ्या कप्प्यातले, जंतू आंबवतात. त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही छोटी मेदाम्ले तयार होतात. म्हशीची सुमारे सत्तर टक्के ऊर्जा याच आम्लांतून येते. ॲसिटिकचा उपयोग दुधातल्या स्निग्धतेसाठी होतो. प्रोपिऑनिकचे यकृतात ग्लुकोज होते आणि त्या ग्लुकोजची कासेत दुग्धशर्करा बनते. हे दूध वाटीत ओतून मोठ्या मांजरापुढे ठेवले, की गंमत पुढे सरकते. त्याच्याकडे ही शर्करा पचवणारे लॅक्टेज कमी. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथले जंतू तिच्यापासून पुन्हा तीच आम्ले बनवतात. म्हशीच्या पोटात आंबलेला कार्बन मांजराच्या पोटात दुसऱ्यांदा आंबतो! (दूध जास्त झाले तर जुलाब होतात, ते याचमुळे.)

ही आम्ले रुमेनच्या भिंतीतून थेट रक्तात शिरतात, हे केंब्रिजमध्ये जोसेफ बारक्रॉफ्ट, आर. ए. मॅकॅनली आणि अँड्र्यू फिलिप्सन यांनी १९४४ साली मेंढ्यांवर दाखवले. बारक्रॉफ्ट रक्तातल्या ऑक्सिजनवरच्या कामाने आधीच कीर्तिमान होते, फिलिप्सन पुढे रवंथशास्त्रातले मोठे नाव झाले. मॅकॅनलींचे नाव मात्र दोघांच्या मधोमध राहून गेले. पशुआहाराच्या प्रत्येक वर्गात ते घेतले जायला हवे, असे मला मनापासून वाटते.

मांजराकडे रुमेन नाही. अंधांत्र अगदीच छोटे, मोठे आतडेही आखूड. त्यामुळे आंबवणातून मिळणारी ऊर्जा त्याच्या एकूण गरजेच्या मानाने थोडीच. मग तिची दखल का घ्यायची? उत्तर यकृतात आहे. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात क्विंटन रॉजर्स आणि जेम्स मॉरिस यांच्या गटाने १९७७ साली दाखवले, की खाण्यातली प्रथिने कमी केली तरी प्रथिने मोडणारी मांजराच्या यकृतातली विकरे फारशी मंदावत नाहीत. उंदराची मंदावतात. चंदनाच्या ढिगापाशी राहणाऱ्याने चुलीत रोज चंदनच घालावे, तसे मांजर अमिनो आम्ले जाळून ग्लुकोज बनवत राहते. प्रोपिऑनिक आम्ल या चुलीत पडणारी मूठभर काटकी. तेवढे चंदन वाचते.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात आठ लठ्ठ आणि आठ बांधेसूद मांजरांवर हे तपासले गेले, निष्कर्ष २००९ साली आले. आहारात इन्युलिन आणि ऑलिगोफ्रुक्टोज या आतड्यात आंबणाऱ्या तंतूंचे अडीच टक्के मिश्रण घातल्यावर रक्तात प्रोपिओनिल-कार्निटिन वाढले. म्हणजे आतड्यातले प्रोपिऑनिक शरीरात पोचले होते. अमिनो आम्लांपासून ग्लुकोज बनवणे घटल्याच्या खुणाही दिसल्या. मात्र शिरेतून ग्लुकोज देऊन केलेल्या चाचणीत आहारामुळे सरसकट फरक पडला नाही. म्हणून ‘मांजराचा मधुमेह पळवणारी’ प्रीबायोटिक भुकटी कोणी विकत असेल, तर खिशाला हात घालण्याआधी मागचे वाक्य पुन्हा वाचावे. लठ्ठ मांजराला आधी गरज असते ती मोजून खाण्याची, आणि तीही पशुवैद्याच्या देखरेखीखाली. एकदम उपाशी ठेवले तर त्याच्या यकृतात चरबी साचून जीवावर बेतते.

मला मात्र याहून लोभस वाटते ते गेंटच्याच संशोधकांचे चित्त्यांवरचे काम. त्यांनी चित्त्याच्या विष्ठेतले जंतू घेऊन त्यांना कोलॅजेन, ग्लुकोसॅमिन, सशाची कातडी, हाडे आणि केस असे पदार्थ दिले. कोलॅजेन आणि ग्लुकोसॅमिन जंतूंनी छान आंबवले आणि भरपूर मेदाम्ले मिळाली. केस मात्र जवळजवळ तसेच राहिले. नुसत्या गोमांसाऐवजी अख्खा ससा खाऊ घातल्यावर चित्त्यांच्या विष्ठेत सडण्यातून होणारी इंडोल आणि फिनॉलसारखी द्रव्ये कमी सापडली. भाज्यांचा चोथा आपल्या आतड्यात जे काम करतो, त्यातले काही काम मांसाहाऱ्यांमध्ये शिकारीची कातडी, कूर्चा आणि केस करतात. गोठ्यातल्या पेंढ्यात उंदीर धरून शेपटीसकट गिळणारे मांजर हा चोथा रोजच मिळवते. दूधभातावर वाढलेल्या घरातल्या मांजराच्या ताटलीत तो नसतो, आणि पुरेसे मांसही नसते.