शिपायाविना निवाडा

शेताच्या बांधावरून दोन भाऊबंदांचं वाजलं, की निवाडा करायला कोणीतरी लागतो. निवाडा झाला, की तो मानायला लावणाराही लागतो. दोन हजार वर्षांपूर्वी गॉलमध्ये, म्हणजे ढोबळमानाने आजच्या फ्रान्समध्ये, केल्टिक टोळ्यांत पहिलं काम ड्रुइड नावाचे पुरोहित करत. दुसऱ्या कामासाठी त्यांच्याकडे ना शिपाई होते, ना तुरुंग. तरी त्यांचा शब्द मोडायला माणूस दहादा विचार करी.

हे सांगणारा मुख्य साक्षीदार रोमन सेनापती ज्युलियस सीझर. इ.स.पू. 58 पासून तो गॉल जिंकत होता आणि सोबत युद्धाचा वृत्तांतही लिहीत होता. ज्याला मुलूख घ्यायचा आहे, त्याने तिथल्या लोकांचं केलेलं वर्णन जपूनच वाचावं. माणसं कोंबून जाळलेल्या वेताच्या पुतळ्यांची त्याची गोष्ट तर विशेषच. पण बांधाच्या भांडणाबद्दल खोटं लिहून त्याच्या पदरात फारसं काही पडणार नव्हतं, म्हणून तो भाग मला अधिक भरवशाचा वाटतो.

सीझर म्हणतो, गॉलमध्ये किंमत दोघांनाच : घोडेस्वार सरदारांना आणि ड्रुइडांना. खून, वारसा, हद्द, सारे तंटे ड्रुइडांपुढे येत. भरपाई किती आणि शिक्षा काय, तेही तेच ठरवत. वर्षातून एकदा कार्नुत टोळीच्या मुलखात, आजच्या शार्त्र शहराच्या परिसरात, त्यांची मोठी बैठक भरे. तो मुलूख गॉलचा मध्य मानला जाई आणि चहूकडून लोक तिथे आपापले खटले घेऊन येत.

आता निकाल कोणी धुडकावलाच, तर? त्याला यज्ञबंदी. सीझरच्या लेखी गॉलमध्ये याहून जबर शिक्षा नव्हती. वरवर पाहता यात जबर काय, असं वाटेल. पण देवाला काही अर्पण करायचं तर ड्रुइड हजर हवाच, हा तिथला नियम. यज्ञाची दारं बंद झालेला माणूस देवांपासून तुटला. त्याचा विटाळ आपल्याला लागू नये म्हणून लोक त्याला पाहून वाट बदलत, बोलणं टाळत. त्याचं कोणी काही लुबाडलं, तरी त्याची दाद लागत नसे आणि मानाची जागाही मिळत नसे. थोडक्यात, वाळीत टाकणं. मराठी वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. शिक्षा ड्रुइड सुनावी आणि तिची अंमलबजावणी शेजारीपाजारी फुकटात करत. अख्ख्या जमातीवरही अशी बंदी येऊ शके. टोळ्या आपसात लढत, पण ड्रुइडांचा प्रमुख सगळ्यांचा मिळून एकच होता. तेव्हा एका टोळीतून पळून दुसरीत गेल्याने सुटका होत असेल, असं वाटत नाही.

या अधिकारामागे तशीच दांडगी तयारी होती. ड्रुइडांना कर माफ आणि लढाईही माफ, त्यामुळे शिकायला येणाऱ्यांची रीघ असे. काही जण आईबापांनी धाडलेले असत. अधिक खोलात जायचं असेल ते समुद्र ओलांडून ब्रिटनला जात. पद्याच्या राशी पाठ कराव्या लागत आणि काहींची त्यात वीस वर्षं जात. ताऱ्यांची गती, जगाचा विस्तार, देवांचं सामर्थ्य, आणि आत्मा मरत नाही, तो एका देहातून दुसऱ्यात जातो ही शिकवण, असं सगळं त्यात होतं. घनपाठी माहीत असलेल्यांना वीस वर्षांचं नवल वाटणार नाही.

मात्र यातलं काही लिहून ठेवायला मनाई होती. लिहिता येत नव्हतं म्हणून नव्हे. हिशेबठिशेबासाठी ते ग्रीक अक्षरं वापरतच होते. सीझरला याची दोन कारणं दिसतात : विद्या चारचौघांत पसरू नये आणि लिहिलेल्यावर विसंबून स्मरणशक्ती आळसावू नये. मला तिसरंही दिसतं. कायदा पोथीत असला तर पोथी पळवता येते. तो माणसाच्या डोक्यात असला, की त्या माणसाच्या दारात जावंच लागतं.

अशा एका माणसाचं नावही आपल्याला ठाऊक आहे : एडुई टोळीचा डिव्हिसिआकस. टोळीसाठी मदत मागायला तो रोमला गेला होता. तो रोमन वक्ता सिसेरोचा पाहुणा होता आणि सिसेरो त्याला ड्रुइड म्हणतो, निसर्गाचं ज्ञान नि भविष्यकथन जाणणारा. गंमत म्हणजे, हाच डिव्हिसिआकस सीझरचा निकटचा सहकारी. सीझरच्या वृत्तांतात तो वारंवार येतो, पण तो ड्रुइड असल्याचं सीझर एकदाही लिहीत नाही.

पांढऱ्या वस्त्रातला, सोन्याच्या कोयत्याने ओकवरचं बांडगूळ कापणारा ड्रुइड आपल्याला दिला तो रोमन लेखक प्लिनीने. (सोनं मऊ, कोयत्याला नुसता मुलामा असावा.) आपल्याकडे बांडगूळ म्हणजे शिवी, तिथे ते सर्वरोगहारी. स्टोनहेंजच्या दगडी वर्तुळाशी मात्र ड्रुइडांची सांगड सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्रज हौशी संशोधकांनी घातली. ते दगड ड्रुइडांच्या पहिल्या उल्लेखाहून दोनेक हजार वर्षं जुने आहेत. प्लिनीच्या वर्णनातला माझ्या मते खरा मोलाचा तपशील तिथीचा आहे : हा विधी चंद्राच्या सहाव्या दिवशी होई, कारण त्यांचे महिने आणि वर्षं त्याच दिवशी सुरू होत. तिथी ठरवणारा ड्रुइडच, म्हणजे यज्ञ कधी, हेही त्याच्याच हाती.

रोमन सत्ता पक्की झाली तशी ही घडी मोडली. तिबेरियस आणि क्लॉडियस या सम्राटांनी ड्रुइडांवर बंदी आणली. इ.स. 60 च्या सुमारास रोमन फौजेने वेल्सजवळच्या मोना बेटावरची, म्हणजे आजच्या अँगलसीवरची, त्यांची देवराई तोडली.

1897 साली फ्रान्समधल्या कॉलिन्यी गावी ब्राँझच्या एका मोठ्या पत्र्याचे तुकडे सापडले. ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले मानले जातात आणि आता ल्योनच्या संग्रहालयात आहेत. जुळवल्यावर निघालं ते पंचांग. अक्षरं रोमन, भाषा गॉलची. महिने चांद्र, 30 किंवा 29 दिवसांचे, आणि प्रत्येकाचे दोन पक्ष. सूर्याशी मेळ राहावा म्हणून पाच वर्षांत दोन अधिक मास, म्हणजे एकूण 62 महिने. वेदांगज्योतिषातलं पाच वर्षांचं युगही 62 चांद्रमासांचंच. त्यावरून लगेच नातं जोडायला नको. चंद्र आणि सूर्य सगळ्यांना एकच गणित घालतात.

ड्रुइडांच्या तोंडची विद्या अशी शेवटी धातूवर उतरली असावी. पत्र्यावर प्रत्येक दिवसाशेजारी एक बारीक भोक आहे. त्यात खुंटी खोचायची आणि दिवस पालटला, की ती पुढच्या भोकात सरकवायची.