सैल सांध्यातील ठिणगी

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही स्पोर्ट्‌स मोटार आजही अनेक शौकिनांनी जिवापाड जपली आहे. तिचे इंजिन अडखळू लागले, की दोष कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो. पण पुष्कळदा खरा अपराधी असतो तो स्पार्क प्लगच्या तारेचा सैल सांधा.

तिच्या चार सिलिंडरांना १, ३, ४, २ या क्रमाने ठिणगी मिळते. ती नेणाऱ्या तारेत हजारो व्होल्टांचा दाब असतो. सांध्यात फट पडली, की ठिणगी तेथेही उडते, धातू जळतो आणि फट वाढतच जाते.

डिस्ट्रिब्यूटरच्या ज्या जुन्या झाकणांत तारा बाजूने शिरतात, तेथे आतील टोकदार स्क्रू त्यांना भेदून धरतात. इंजिन बंद करून, तारांना क्रमांक देऊन झाकण काढावे. स्क्रू सैल करून तारेचे जळके टोक कापावे, तार तळापर्यंत सारावी व स्क्रू पुन्हा आवळावा. तार मात्र तांब्याच्या गाभ्याची हवी; कार्बनच्या गाभ्यात ही पकड टिकत नाही. प्लगवरील टोपी काढताना टोपीच धरावी, तार ओढू नये.

एवढे आधी पाहिले, तर निर्दोष कार्ब्युरेटर बिघडविण्याचे पातक टळते.