साहसपटातला हिशेब

साहसपट हा सिनेमातला सर्वांत नाशवंत माल. एका पिढीने श्वास रोखून पाहिलेली उडी पुढच्या पिढीला फसवी वाटते. दरीमागचा पडदा ओळखू येतो, मगर रबराची आहे हे कळते. विनोद शिळा होतो, पण थरार त्याहून लवकर. तरीही काही मोजके साहसपट सत्तर वर्षांनी पाहतानाही हाताच्या मुठी आवळायला लावतात. त्यांचे श्रेय बहुतेक वेळा नायकाला, निसर्गदृश्यांना किंवा पाहणाऱ्याच्या बालपणीच्या आठवणींना दिले जाते. आठवणींचा मुद्दा तर मला मुळीच पटत नाही. हे चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर चाळीस वर्षांनी जन्मलेल्यांनाही ते धरून ठेवतात. त्यांच्या कुठल्या आठवणी?

या प्रश्नासाठी मी एकच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला : आँरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९५३ सालचा ‘द वेजेस ऑफ फिअर’. मूळ फ्रेंच नावाचाही अर्थ तोच, भीतीची मजुरी. त्या एकाच वर्षी कान आणि बर्लिन या दोन्ही महोत्सवांत त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. गोष्ट दोन ओळींत सांगता येते. दक्षिण अमेरिकेत एका अमेरिकन कंपनीच्या तेलविहिरीला आग लागली आहे. ती विझवण्यासाठी लागणारे नायट्रोग्लिसरीन सुमारे ३०० मैलांच्या खराब रस्त्याने चार माणसांनी दोन ट्रकांतून न्यायचे आहे.

पण हे ट्रक जवळपास पहिला तासभर हलतच नाहीत. तोवर आपण लास पिएद्रास नावाच्या एका उकाड्याने मरगळलेल्या गावात अडकून पडतो. तिथे वेगवेगळ्या देशांतून आलेले रिकामटेकडे लोक आहेत. काम नाही, आणि विमानाच्या तिकिटाला पैसे नाहीत म्हणून परतीची वाटही नाही. मारिओ हा कॉर्सिकन तरुण पॅरिसच्या मेट्रोचे एक जुने तिकीट ताईतासारखे जपून आहे. लुइजी या इटालियन गवंड्याची फुप्फुसे सिमेंटच्या धुळीने खलास झाली आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा तास लांबलेला वाटतो. आजचा कोणताही निर्माता तो दहा मिनिटांवर आणेल. माझ्या मते सगळा चित्रपट त्या तासावर उभा आहे. मजुरी प्रत्येकी २००० डॉलर. हा आकडा नुसता ऐकला तर काहीच वाटत नाही. तासभर त्या गावात बसल्यावर मात्र तो किती मोठा आहे हे पोटातून कळते. कंपनीचा हिशेबही आपल्यासमोर उघड मांडला जातो. ट्रक दोन पाठवायचे, कारण एक पोहोचला नाही तरी चालेल. माणसे गावातल्या बेकारांतून घ्यायची, कारण त्यांच्यामागे ना युनियन ना कुटुंब. ज्याच्या कादंबरीवरून चित्रपट निघाला तो जॉर्ज आर्नो स्वतः दक्षिण अमेरिकेत भटकला होता आणि तिथे त्याने ट्रकही चालवला होता. हा हिशेब बाहेरून पाहणाऱ्याने लिहिलेला नाही.

दुसरा हिशेब धोक्याचा. नायट्रोग्लिसरीन हा तेलकट द्रव हादऱ्याने फुटतो. आल्फ्रेड नोबेलचा धाकटा भाऊ एमिल १८६४ मध्ये त्याच्याच स्फोटात गेला. पुढे नोबेलने हा द्रव एका सच्छिद्र मातीत जिरवून डायनामाइट बनवले ते हा हादऱ्याचा धोका कमी करण्यासाठीच. तेलविहिरीच्या तोंडाशी मोठा स्फोट घडवला की ज्योत इंधनापासून क्षणभर तुटते आणि विझते, हीही काल्पनिक युक्ती नाही. चित्रपटात कंपनीचा अधिकारी एक थेंब जमिनीवर टाकून दाखवतो. त्या थेंबाचा आवाज ऐकल्यावर नियम आपल्याला कायमचा पाठ होतो. यानंतर पडद्यावरचा साधा खड्डाही नुसता खड्डा राहत नाही. आपण ड्रायव्हरच्या शेजारी बसून रस्ता वाचू लागतो.

क्लूझो या नियमाची एकेक कठीण परीक्षा घेत जातो. रस्त्याचा एक पट्टा पन्हळी पत्र्यासारखा आहे. त्यावरून ताशी सहा मैलांच्या आत रांगत जायचे, नाहीतर चाळीसच्या वर सुसाट, म्हणजे चाके पन्हळीच्या माथ्यांवरूनच निघून जातील. मधला वेग म्हणजे मरण. आता पुढचा ट्रक संथ आहे आणि मागचा वेगात. खलनायक नाही, पाठलाग नाही, पिस्तूल नाही, फक्त दोन आकडे आहेत. आणि ते दोन्ही आपल्याला ठाऊक असल्याने कोणी काही न सांगता आपला घसा कोरडा पडतो. पुढे घाटातले एक वळण इतके आखूड आहे की ट्रक दरीवर बांधलेल्या लाकडी फलाटावर मागे घेऊनच वळवावा लागतो, आणि ते लाकूड कुजलेले आहे. आपल्याकडे घाटात एसटी मागे घेताना ज्यांनी कधी खिडकीतून खाली पाहिले आहे त्यांना या प्रसंगासाठी कोणाच्या टीकेची गरज नाही. हा सगळा मुलूख प्रत्यक्षात दक्षिण फ्रान्समध्ये, कामार्गच्या परिसरात उभा केलेला होता. पण ट्रक खरे होते, त्यांचे वजन खरे होते, आणि लाकूड करकरते ते त्या वजनाखाली.

पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, अकिरा कुरोसावाने जपानमध्ये ‘सेव्हन सामुराय’ केला. क्लूझोच्या चित्रपटाशी त्याचा काही संबंध नाही, पण रीत तीच. गावाचा नकाशा आधी दाखवला जातो. दरोडेखोर चाळीस. म्होरक्या कांबेई कागदावर तितकी वर्तुळे काढतो आणि एकेक मेला की एकेकावर फुली मारतो. दरोडेखोरांकडे बंदुका तीन, हेही आपल्याला माहीत असते. साडेतीन तासांच्या त्या चित्रपटात चार सामुराय मरतात, आणि चौघेही तलवारीने नव्हे, गोळीने. म्हणून शेवटच्या पावसातल्या, चिखलातल्या लढाईत एवढा गोंधळ असूनही आपण हरवत नाही. आपणही मनात फुल्या मारत असतो.

शेवट माहीत असूनही असे चित्रपट पुन्हा का पाहवतात, याचे उत्तर मला इथे दिसते. पुढे काय होणार एवढ्याच कुतूहलावर चालणारा चित्रपट एकदा पाहून संपतो. काम कसे होते हे दाखवणारा संपत नाही. कुशल सुताराला रंधा मारताना पाहून कोणी म्हणत नाही की हे मी काल पाहिले होते. बिंबा हा जर्मन वाट अडवून बसलेली शिळा फोडतो तो प्रसंग बराच वेळ चालतो. खोल भोक पाडणे, त्यात जपून द्रव सोडणे, वर हातोडा टांगणे आणि त्याच्या दोरीकडे जळत जाणारी वात लावणे. मी तो कितीदा पाहिला असेल, पण वात पेटली की अजूनही मागे सरकून बसतो.

आणि जिथे सर्वांत मोठा स्फोट होतो तिथे क्लूझो तो दाखवतच नाही. मागच्या ट्रकमध्ये वयस्क झो सिगारेट वळतो आहे. अचानक कागदावरची तंबाखू फुंकर मारल्यासारखी उडून जाते. मग उजेड, मग आवाज. पुढचा ट्रक, लुइजी आणि बिंबा आता नाहीत. हवेचा धक्का आधी पोहोचला, एवढ्यावरून आपण सगळे समजतो. आगीचे लोळ दाखवणारे कितीतरी चित्रपट विस्मरणात गेले, ती चिमूटभर तंबाखू राहिली.

झोची भूमिका शार्ल व्हानेलची. ती आधी ज्याँ गाबाँला देऊ केली होती आणि भेकडाचे काम नको म्हणून त्याने नाकारली, असे सांगितले जाते. झो गावात येतो तेव्हा सर्वांत बेडर तोच असतो, मारिओ तर त्याचा भक्तच बनतो. ट्रक निघाला की मात्र हा बेडरपणा मैलागणिक आटत जातो. साहसपट एरवी धैर्य हा माणसाचा स्वभाव मानतो : एक शूर, दुसरा भित्रा. इथे धैर्य टाकीतल्या तेलासारखे खर्च होते, आणि जास्त जगलेल्याची टाकी आधी रिकामी होते. मारिओ त्याला छळतो. शेवटी स्फोटाच्या खड्ड्यात साचलेल्या तेलातून ट्रक न थांबवता काढताना मारिओ त्याच्या पायावरून चाक नेतो. थांबला असता तर ट्रक रुतला असता. कंपनीचा हिशेब आता मारिओच्या डोक्यात शिरला आहे. दोन ट्रक पाठवणारा माणूस आणि पायावरून चाक नेणारा माणूस यांत मला फारसा फरक दिसत नाही, मात्र मारिओ नंतर त्या झोला उराशी धरून बसतो.

अमेरिकेत हा चित्रपट दाखवताना तेलकंपनीवर ठपका ठेवणारे प्रसंग कापले गेले. म्हणजे भीती ठेवली आणि मजुरी काढली. विल्यम फ्रीडकिनने १९७७ मध्ये त्याच कादंबरीवरून ‘सॉर्सरर’ केला. वादळात दोरांच्या पुलावरून जाणारा ट्रक हे त्यातले दृश्य तोलामोलाचे आहे. ‘स्टार वॉर्स’ नंतर महिन्याभराने आलेला हा चित्रपट तेव्हा आपटला, आता त्याची किंमत कळते आहे. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आणखी एक फ्रेंच आवृत्ती आली. तिच्याविषयी इथे लिहिण्यासारखे काही नाही.

क्लूझोच्या चित्रपटात माल पोहोचतो, आणि झो त्याआधीच वाटेत मेलेला असतो. मारिओला झोच्या वाट्यासह ४००० डॉलर मिळतात. कंपनी देऊ करते तो ड्रायव्हर नाकारून तो स्वतःच परत निघतो. आता ट्रक रिकामा आहे, हादऱ्याचे भय उरलेले नाही. रेडिओवर ‘ब्लू डॅन्यूब’ लागले आहे, तिकडे गावातही त्याच सुरावर त्याची लिंडा नाचते आहे, आणि मारिओ चाक डावीकडे-उजवीकडे फिरवत त्या तालावर ट्रक नाचवतो. दोन तास धोक्याचे गणित करून तरबेज झालेले आपण मनातल्या मनात त्याला सांगत असतो, हळू. ट्रक कठडा तोडून दरीत जातो. खाली मोडलेल्या ट्रकपाशी त्याच्या हातात ते मेट्रोचे तिकीट असते.