न थांबणारा गारवा

पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरणाऱ्या वाहनांत अलीकडे एक निराळे वाहन अधूनमधून दृष्टीस पडते. बाहेरून पाहावे तर ती एक लहानशी बस. आत मात्र निजावयाची बाके, स्वयंपाकाची शेगडी, पाण्याची टाकी आणि छपरावर पेटीसारखे बसविलेले वातानुकूलन यंत्र, असा आटोपशीर संसार मांडलेला असतो. कोणी त्याला कॅरव्हॅन म्हणतात, कोणी मोटारहोम म्हणतात. आपण त्याला फिरते घर म्हणू. पेडणे तालुक्यातील हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यांच्या आसपास हिवाळ्यात अशी घरे मुक्कामाला येतात. महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ साली अशा पर्यटनासाठी आपापली धोरणेही जाहीर केली. तेव्हा ही वस्तू आता केवळ परदेशी पाहुण्यांची राहिलेली नाही.

या फिरत्या घराला जडणाऱ्या एका विकाराविषयी आज बोलावयाचे आहे. तो विकार म्हणजे छपरावरचे यंत्र थांबेनासे होणे. रात्रभर ते घरघरत राहते, बटण फिरविले तरी दाद देत नाही, आणि मालक सकाळी मिस्त्रीला बोलावून सांगतो, ‘‘गॅस भरून टाका.’’ हाच विकार घरातल्या भिंतीवरच्या एसीलाही जडतो. म्हणून ज्यांच्यापाशी चाकांचे घर नाही, त्यांनीही हे विवेचन आपल्यासाठीच आहे असे समजावे.

प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू. ते थंडी निर्माण करीत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकणे, एवढेच त्याचे काम. तेरेखोलच्या पात्रात होडीत पाणी शिरले, की एक माणूस भांडे घेऊन ते उपसत बसतो. तसेच हे आहे. यंत्राची शक्ती आपण टनांत मोजतो. बर्फाचा एक टन चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता चोवीस तासांत बाहेर नेणारे यंत्र ते एक टनाचे. फिरत्या घरांच्या छपरावरची यंत्रे बहुधा एक टनाच्या आसपासची असतात.

उष्णतेबरोबर यंत्राला आणखी एक ओझे वाहावे लागते, ते दमटपणाचे. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने आपले पहिले यंत्र योजिले, ते माणसांच्या सुखासाठी नव्हे. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे व आकसे आणि एकावर एक छापावयाचे रंग जुळत नसत. त्यावर तो उपाय होता. गोव्याच्या हवेत हे दुसरे ओझे फार जड असते. यंत्रातून टपटपणारे पाणी हा त्याचाच पुरावा. म्हणून कोरड्या मुलखात जे यंत्र तासाभरात विसावा घेते, तेच आपल्या किनाऱ्यावर अधिक वेळ राबते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. होडीतला उपसणारा थांबत नाही, याची कारणे दोनच असू शकतात. एक, होडीत पाणी अजून शिल्लक आहे. दोन, पाणी संपले, परंतु ‘‘आता पुरे’’ ही हाक त्याला पोहोचत नाही. पहिल्या प्रसंगी तो प्रामाणिकपणे राबत असतो. दुसऱ्या प्रसंगी तो आज्ञेबाहेर गेलेला असतो. यंत्राचेही असेच आहे. ही दोन दुखणी वेगळी, त्यांचे उपाय वेगळे, आणि खर्चही वेगळा. यंत्र आज्ञेत आहे की आज्ञेबाहेर, हे ठरविल्यावाचून त्याचा एक स्क्रूही काढू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

परीक्षा सोपी आहे. परंतु तिच्याआधी एक सूचना. जळका वास येत असेल, धूर दिसत असेल, किंवा प्लग हाताला गरम लागत असेल, तर परीक्षा करीत बसू नये. मुख्य स्विच, ज्याला आपण एमसीबी म्हणतो, तो खाली पाडावा आणि वायरमनला बोलवावे.

तसे काही नसेल, तर तापमानाचा आकडा शक्य तितका वर, म्हणजे तीस अंशांवर न्यावा आणि दहा मिनिटे वाट पाहावी. आतली हवा तीस अंशांखाली असता कॉम्प्रेसर, म्हणजे यंत्राचा जड आवाज करणारा भाग, थांबला पाहिजे. तो थांबला, तर यंत्र आज्ञेत आहे. ते राबत होते, कारण खोली थंड होत नव्हती. तो थांबला नाही, तर यंत्र बंद करण्याचे बटण दाबावे. बटणानेही न थांबता ते एमसीबी पाडल्यावरच थांबले, तर आज्ञा वाहून नेणारी वाट कोठेतरी बिघडली आहे, हे निश्चित.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पुष्कळ यंत्रांत कॉम्प्रेसर थांबला तरी पंखा फिरत राहतो. पंख्याची कळ सतत चालू ठेवण्याच्या खुणेवर असेल, तर तो फिरणारच. तेव्हा आवाजाला फसू नये; बाहेर येणारी हवा काही मिनिटांनी गार लागेनाशी झाली, तर कॉम्प्रेसर थांबला आहे असे समजावे. दुसरे असे, की इन्व्हर्टर जातीच्या नव्या यंत्रांत कॉम्प्रेसर एरवी थांबण्याऐवजी संथ होतो. तो मंद गतीने चालत राहणे हा त्याचा स्वभाव आहे, रोग नव्हे.

आज्ञेबाहेर गेलेल्या यंत्रात बहुधा काय घडलेले असते? खोलीतले तापमान ओळखणारा एक सेन्सर असतो. त्याच्या निरोपावरून रिले नावाची लहानशी कळ कॉम्प्रेसरची वीज जोडते वा तोडते. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज खेचतो आणि रिलेच्या टोकांवर ठिणगी उडते. वीज कमी दाबाची असेल, किंवा कोणी घाईने यंत्र बंद करून लगेच सुरू करीत असेल, तर ठिणग्या वाढतात आणि एके दिवशी ती टोके एकमेकांना वितळून चिकटतात. मग निरोप कितीही आले, तरी वीज तुटत नाही. एकदा बंद केलेले यंत्र निदान तीन मिनिटे तरी पुन्हा सुरू करू नये, याचे एक कारण हे. काही जण रिलेवर स्क्रूड्रायव्हरने टिचकी मारून ती सोडवितात. ती सुटतेही, परंतु भाजलेली टोके पुन्हा चिकटावयाचीच. असा रिले बदलणे हाच उपाय.

पुष्कळ यंत्रांतल्या सेन्सरची रीत अशी, की उष्णता वाढली की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. त्याच्या तारा ओलाव्याने किंवा घासून एकमेकींना टेकल्या, तर विरोध जवळजवळ नाहीसा होतो आणि यंत्राला वाटते, की खोली भट्टीसारखी तापली आहे. मग ते जीव तोडून राबते. मुंग्या आणि पाली याही या कामी निष्णात आहेत. उबेसाठी त्या विजेच्या पेटीत शिरतात आणि नेमक्या तारांच्या टोकांवर प्राण सोडतात. हे सारे पाहणे वायरमनचे काम आहे. वीज तोडल्यानंतरही यंत्रातला कपॅसिटर काही काळ विजेचा धक्का देऊ शकतो. म्हणून घरच्या माणसाने झाकण उघडून आत हात घालू नये.

परंतु आकडा तीसवर नेताच यंत्र निमूटपणे थांबले, तर मिस्त्रीला बोलाविण्यापूर्वी आपणच पुष्कळ काही करू शकतो. आता प्रश्न असा, की होडीतले पाणी का संपत नाही?

पहिले कारण आपला आकडा. अठरावर लावले म्हणजे लवकर गार होते, ही समजूत चुकीची आहे. साधे यंत्र अठरावर जितक्या वेगाने उपसते, तितक्याच वेगाने चोवीसवर उपसते. फरक इतकाच, की मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या घरात अठरा अंश कधी येतच नाहीत आणि यंत्राला विसावा मिळत नाही. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात तारांकित एसी मुळातच चोवीस अंशांवर लावून विकले पाहिजेत, असा नियम आहे. तो आकडा पुरेसा आहे.

दुसरे कारण होडीची भोके. दाराचे झिजलेले रबर, उघडी राहिलेली छपराची खिडकी, काचेतून येणारे ऊन, आत पेटलेली शेगडी, या सर्वांतून उष्णता आत येत असते. फिरत्या घराच्या भिंती पातळ असतात. म्हणून ते सावलीत उभे करणे हा मोठा उपाय. सावली आंब्याची किंवा फणसाची असावी, आणि तीही फळांचा हंगाम पाहून. माडाखाली मात्र केव्हाही उभे करू नये. नारळ छपरावरच्या यंत्राची गय करीत नाही. सेन्सर शेगडीजवळ किंवा उन्हाच्या भिंतीवर बसविला असेल, तर तो खोलीचे नव्हे, त्या कोपऱ्याचेच तापमान सांगत राहतो, हेही ध्यानात घ्यावे.

तिसरे कारण मळ, आणि येथे पेडणे व डिचोली यांचा स्वभाव वेगळा आहे. पेडण्याच्या किनाऱ्यावरचा वारा खारा. तो यंत्राच्या बाहेरच्या कॉइलवरील पातळ पत्र्या कुरतडतो. मग उष्णता बाहेर टाकण्याचे काम अधुरे राहते. डिचोलीची गोष्ट तांबड्या धुळीची. तेथील खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मध्यंतरी चालल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या आणि २०२४ मध्ये तालुक्यातून पुन्हा खनिज निघू लागले. खनिजाच्या ट्रकांमागून जाणाऱ्या वाहनाची जाळी किती लवकर माखते, हे सांखळी-डिचोलीच्या रहिवाशांना सांगावयास नको. किनाऱ्यावर मुक्काम असेल, तर यंत्राची वीज तोडून, बाहेरची कॉइल गोड्या पाण्याने हलक्या हाताने, विजेच्या पेटीवर पाणी न उडविता धुवावी; धुळीच्या रस्त्याने प्रवास झाला असेल, तर आतली जाळी दर आठवड्याला काढून धुवावी व पूर्ण वाळवून बसवावी. दोहोंना खर्च शून्य.

जाळी कोंदली, की एक चमत्कारिक प्रकार घडतो. आतल्या कॉइलवरून पुरेशी हवा वाहत नाही, तिच्यावर दव साचून बर्फ धरतो, आणि त्या बर्फामुळे खोली थंड होईनाशी होते! यंत्रात बर्फ आणि खोलीत उकाडा, अशी ही स्थिती. अशा वेळी गारवा बंद करून नुसता पंखा तास-दोन तास चालवावा. सुरीने बर्फ खरवडू नये. नळीला छिद्र पडले, की दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढला.

आणि आता गॅसविषयी. हा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. एक साधे मोजमाप आधी करावे: यंत्रात शिरणारी आणि यंत्रातून बाहेर पडणारी हवा यांत साध्या तापमापकाने आठ ते बारा अंशांचा फरक आढळला, तर यंत्र आपले काम करीत आहे आणि दोष होडीच्या भोकांत आहे. फरक त्याहून फारच कमी असेल आणि जाळी स्वच्छ असेल, तरच गळतीचा संशय घ्यावा.

या सर्व खटाटोपाचे प्रयोजन केवळ वीजबिल नव्हे. बिलाचा हिशोब सरळ आहे. तासाला सव्वा युनिट घेणारे यंत्र अखंड चालले, तर दिवसाला तीस युनिटे जातात. निम्मा वेळ थांबले, तर पंधरा. फिरत्या घरात बारा व्होल्टची, दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी असेल, तर तिच्यात सारी मिळून अडीच युनिटेही नसतात; न थांबणारे यंत्र ती दोन तासांच्या आत रिकामी करते. बॅटरी संपली, की माणूस जनित्र सुरू करतो, आणि खरा धोका तेथे आहे. जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. २०२४ च्या डिसेंबरात केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. जनित्रातून निघालेला हाच वायू आत शिरला होता, असे तपासात निष्पन्न झाले.

म्हणून ज्यांचे यंत्र थांबत नाही, त्यांनी ते चालवीत ठेवण्यासाठी जनित्र लावून निजू नये. आवारातल्या विजेवर वाहन जोडावयाचे असेल, तर वायर जाड व अर्थिंगसह असावी. लांब आणि बारीक वायरीत विजेचा दाब उतरतो, वायर तापते, आणि कॉम्प्रेसरचे हाल होतात ते वेगळेच. वाहनात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा बसवून घ्यावी.

तेव्हा श्रोतेहो, एखाद्या रात्री छपरावरची घरघर थांबेनाशी झाली, तर प्रथम वास घ्यावा, मग आकडा तीसवर न्यावा आणि दहा मिनिटे घड्याळाकडे पाहावे. यंत्र थांबले, तर जाळी, सावली आणि दाराचे रबर पाहावे. न थांबले, तर एमसीबी पाडावी, खिडक्या उघडाव्यात, आणि उरलेली रात्र किनाऱ्यावरच्या वाऱ्यावर काढावी. मिस्त्री सकाळी येईल. त्याला ‘‘गॅस भरा’’ असे न सांगता, ‘‘तीसवर नेले तरी कॉम्प्रेसर थांबला नाही,’’ एवढे एकच वाक्य सांगावे. त्याचे निम्मे काम आणि आपला बराचसा खर्च त्या एका वाक्याने वाचेल.